फक्त दोन मिनिटं, ताई

या, असे जवळ या. मागे उभे आहात त्यांनीही पुढे सरका. माणसं सरकली की जागा होतेच. आज एक गोष्ट ऐकवायची आहे. त्यात राजा नाही, राणी नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा एक भाऊ आहे, त्याची मोठी बहीण आहे आणि एक जुना लॅपटॉप आहे. हसू आलं तर मोकळेपणी हसा, पण भावाला फार नावं ठेवू नका. आपल्यातही तो थोडाथोडा बसलेला असतो.

भावाला सगळे खटपट्या म्हणत. नाव ताईनेच ठेवलेलं. लहानपणी चालू घड्याळ उघडून "आत काय आहे ते बघतो" म्हणणारा हा प्राणी मोठा झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले, पण खोड गेली नाही. घरातली एकही खुर्ची अशी नव्हती की जिचे स्क्रू त्याने एकदा काढून पुन्हा आवळले नव्हते. बायको म्हणायची, "बरं झालं, माझ्या अंगाला स्क्रू नाहीत."

ताई बस आगारात नोकरीला. पहिली अकरा वर्षं कार्यालयात टंकलेखक, पुढची एकोणीस माईकपाशी. कुठली बस कितव्या फलाटावर, कुठली अर्धा तास उशिरा, सगळं तिच्या तोंडून. तिला कधी न पाहिलेली माणसंही तिच्या आवाजाच्या भरवशावर सामान उचलून धावायची. मग गळ्याचा आजार आला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. देवाने पदरात घातलं ते मोठं, आणि उचलून नेलं तेही लहान नव्हे.

ताई टाईप करायची आणि लॅपटॉप बोलायचा, अशी सोय रुग्णालयातून करून दिलेली होती. काही महिने चाललं. पण लॅपटॉप जुना, त्याला चालवणारी प्रणाली त्याहून जुनी. बनवणाऱ्यांनी त्या प्रणालीकडे पाठ फिरवली आणि एका सकाळी बोलणारा प्रोग्रॅम उघडायचाच थांबला. ताई पुन्हा वही-पेन्सिलीवर आली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आगारप्रमुखांची चिठ्ठी आली. रजा संपत होती. "गुरुवारी अकरा ते बारा चौकशी खिडकीवर बसून दाखवा. रांग सात माणसांपलीकडे गेली नाही, तर खिडकी तुमची. गेली, तर तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत बदली." ती खोली ताईला ठाऊक होती. तिथे दिवसभरात एकच आवाज होतो, पंख्याचा. तीस वर्षं माणसांशी बोललेली बाई तिथे जाणार म्हणजे जिवंतपणी फाईलला बांधल्यासारखं.

शनिवारी दुपारी खटपट्या दोन पेनड्राइव्ह घेऊन ताईकडे आला. एक मजला वर तो, एक मजला खाली ती. मागोमाग बायकोही आली, कारण नवरा काही उघडतोय म्हटल्यावर झाकायला कोणी तरी हवं.

"ताई, अजिबात घाबरू नकोस," तो म्हणाला. "आधी ही नवी प्रणाली पाहुणी म्हणून येणार. पेनड्राइव्हवरूनच चालेल, घरातल्या कशालाही हात लावणार नाही. आवडली तर ठेवून घ्यायची."

ताईने वहीत लिहिलं: *नाही आवडली तर?*

"तर दारातूनच निरोप."

"सगळे पाहुणे असे असते तर काय हवं होतं!" बायको म्हणाली.

पाहुणी आली. पडदा काळा झाला, मग निळा, मग एक साधी खिडकी उघडली. वाय-फाय लागलं, आवाज आला. ताईने मान हलवली. मग खटपट्याने ताईचे फोटो आणि पत्रं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घेतली, 'सगळी डिस्क पुसून नव्याने बसवा' यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटून दाबलं. अर्ध्या तासात पाहुणी घरची झाली. प्रणालीने कीबोर्डची मांडणी विचारली तेव्हा त्याने ताईच्या बोटांना ठाऊक असलेली, टंकयंत्राचीच जुनी मांडणी निवडली. बोलणारा प्रोग्रॅम बसवला.

ताईने खुर्ची पुढे ओढली. बोटं कीबोर्डवर टेकवली. क्षणभर काहीच नाही, आणि मग लॅपटॉप सपाट, नाकातल्या, ना बाईच्या ना पुरुषाच्या आवाजात बोलला: "मी आले."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. ताई आवाज न करता खांदे हलवून हसली. लगेच दुसरं वाक्य आलं: "आता चहा कोण करणार?"

म्हणजे बघा, काम झालं होतं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता काम पूर्ण झालं होतं! पण ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नव्हे. जगभरातल्या अनोळखी माणसांनी ती थोडी थोडी लिहिली आणि उघड्यावर ठेवली: घ्या, वापरा, बदला, पुढे द्या. एखादी चाल कानावर पडावी, आपण ती घरी जाऊन आपल्या गळ्याप्रमाणे म्हणावी, आणि पहिल्या गाणाऱ्याचं त्यात काहीच कमी होऊ नये, तसं हे देणं. देणाऱ्यांचं मन मोठं. पण त्या चार शब्दांतला 'बदला' हा शब्द खटपट्याच्या कानात जाऊन बसला, आणि मग कुठली झोप आणि कुठलं जेवण!

रविवारी सकाळी तो आला. "खालची पट्टी डावीकडे घेतो, तुला जागा जास्त मिळेल." दुपारी आला. "रंग जरा डोळ्यांना शांत करतो." सोमवारी कामावर जायच्या आधी चिन्हं गोल केली, आल्यावर ती पुन्हा चौकोनी केली. मंगळवारी अक्षरं बदलली. प्रत्येक वेळी लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घ्यायचा आणि म्हणायचा, "फक्त दोन मिनिटं, ताई." ती दोन मिनिटं कधी पाऊण तासाच्या आत आटोपली नाहीत.

आणि सगळ्यात जास्त वेळ जायचा तो आवाजावर. उंची पन्नास, नको, पंचावन्न. वेग थोडा कमी. वाक्याच्या शेवटी किंचित उतार. लिफ्टच्या खड्ड्यात दोरखंडाला ग्रीस लावतानाही तो पुटपुटायचा, "अठ्ठावन्न करून बघू." सोबतचा कामगार म्हणायचा, "अहो, हा सहावा मजला आहे, अठ्ठावन्नावा नाही."

त्याचं त्यालाही कळत नव्हतं की आपल्याला हवंय काय. सांगू? त्याला त्या यंत्रातून ताई हवी होती. 'अरे खटपट्या, जेवायला ये' असं जिन्यातून हाक मारणारी, शेवटचं अक्षर जरा लांबवणारी ताई. प्रत्येक आकडा लावून झाला की तो कान टवकारायचा, आणि प्रत्येक वेळी त्या यंत्रातून दुसरंच कोणी तरी बोलायचं. ते ऐकलं की त्याचे हात पुन्हा चालू व्हायचे. आपलं हे असंच असतं. देव म्हणतो, द्यायचं ते दिलं, आता हात जोड. आपण म्हणतो, थांब देवा, जरा रंग बदलून बघतो.

इकडे ताईचं वेगळंच चाललं होतं. भाऊ लॅपटॉप सोडेल तेवढ्या वेळात तिने खिडकीवर लागणारी वाक्यं लिहून ठेवायला घेतली होती. फलाट, वेळा, बदलायच्या गाड्या, सवलतीचे पास. 'बसची वाक्यं' नावाची एकच साधी फाईल, पडद्याच्या मधोमध. बुधवारपर्यंत चौऱ्याहत्तर वाक्यं झाली होती; एकावर बोट ठेवलं की यंत्र ते म्हणून दाखवायचं.

बुधवारी संध्याकाळी खटपट्याने पुन्हा लॅपटॉप ओढला तेव्हा तिने वही त्याच्या नाकासमोर धरली: *पुरे आता.*

"हो गं, झालंच. फक्त दोन मिनिटं."

आता यातली गंमत ध्यानात घ्या, खरं तर गंमत नव्हे ती. तो आवाज दुरुस्त करायला बसला की ताईचा आवाज त्याच्या मांडीवर असायचा. त्यामुळे त्याला 'नको' म्हणायचं तर तिने कशाने म्हणायचं? एवढं बायकोने मात्र ओळखलं. "अहो," ती म्हणाली, "लिफ्टमध्ये माणूस असताना तुम्ही नट खोलता का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

ज्याच्याकडे उत्तर नसतं त्याच्याकडेही स्क्रू-ड्रायव्हर असतो.

गुरुवार उजाडला. आठ वाजता ताई आंघोळीला गेली आणि खटपट्या आत शिरला. त्याला कुणा अनोळखी माणसाने बनवलेला एक नवा आवाज सापडला होता; बाईचा, गोड, शेवटचं अक्षर जरा लांबवणारा. त्यासाठी ध्वनीचे काही भाग बदलावे लागणार होते. त्याने टर्मिनलची काळी खिडकी उघडली, आज्ञा दिल्या. ओळींमागून ओळी धावल्या. मध्येच प्रणालीने विचारलं: जुन्या जुळणीच्या जागी नवी ठेवू का? त्याने न वाचता 'हो' दाबलं. घाईतला हो!

ताई केस पुसत बाहेर आली. खटपट्या हसून म्हणाला, "आता ऐक." त्याने कळ दाबली.

शांतता.

पुन्हा दाबली. आवाजाची पट्टी शंभरावर नेली. हेडफोन लावला, काढला. बंद करून चालू केलं. लॅपटॉप मुक्याने त्याच्याकडे बघत राहिला. ताईसुद्धा.

सव्वानऊ वाजले. खटपट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवा भाग काढला तर जुना ओळखेना. जुना बसवला तर नवा हटेना. बायको दारात उभी. "शनिवारी होतं तसं करा ना!"

"शनिवारचं म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून."

"मग पुसा. करायला गेलात गणपती आणि झालं माकड, आता निदान ते माकड तरी उतरवा."

साडेनऊ. पेनड्राइव्ह पुन्हा लागला. पुसायच्या आधी जपून ठेवायचं ते काढून घ्यायला हवं, एवढं भान त्याला होतं. या प्रणालीत आपल्या आवडीनिवडी लपलेल्या फाईलींत राहतात. नावापुढे एक टिंब असतं आणि त्यामुळे त्या नजरेला दिसत नाहीत. खटपट्याने एकेक शोधून काढली: रंगांची, पट्टीची, चिन्हांची, आवाजाच्या आकड्यांची. सगळ्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर नीट नकलून घेतल्या, दोनदा तपासल्या. मग पुसलं.

दहाला पाच कमी असताना साधी, कोरी, शनिवारची पाहुणी पुन्हा उभी राहिली. खालची पट्टी खाली, चिन्हं चौकोनी. टंकयंत्राची मांडणी लावली, बोलणारा प्रोग्रॅम बसवला. ताईने खुर्ची ओढून घेतली, एक कळ दाबली आणि सपाट नाकातला आवाज आला. खटपट्याचा जीव भांड्यात पडला.

ताई पडद्याकडे बघत होती. पडद्याच्या मधोमध. मग तिने टाईप केलं.

"माझी वाक्यं," यंत्र म्हणालं.

त्या यंत्राला प्रश्न विचारता येत नसे. प्रश्नही ते उत्तरासारखाच म्हणायचं. म्हणून ते जास्तच लागलं.

खटपट्याने दुसरा पेनड्राइव्ह उघडला. रंग होते. चिन्हं होती. अठ्ठावन्नचा आकडा होता. लपलेलं सगळं त्याने शोधून शोधून घेतलं होतं. डोळ्यांसमोर होतं तेवढं राहिलं होतं. स्वतःची हौस दोनदा तपासली, आणि बहिणीची चौऱ्याहत्तर वाक्यं स्वतःच्या हाताने पुसली.

"ताई," तो म्हणाला. लॅपटॉप समोर होता, तिला हवं ते बोलता आलं असतं. रागवली असती तरी बरं झालं असतं.

यंत्र म्हणालं, "चल. बस चुकेल."

अकराला ताई चौकशी खिडकीच्या काचेमागे बसली. आगारप्रमुख शेजारी घड्याळ घेऊन उभे. माणूस वाईट नव्हे, पण त्यांच्या अंगाला नियमांचा कडकपणा इस्त्रीसारखा होता. लॅपटॉपला छोटा स्पीकर जोडला. खटपट्या समोरच्या खांबाला टेकून रांग मोजत होता. एक. तीन. चार. त्याची बोटं पँटच्या शिवणीवर काही तरी फिरवत होती, नसलेलं बटण.

पहिल्याने विचारलं, नदीपलीकडची बस कुठून? ताईची बोटं धावली. "फलाट तीन. दहा मिनिटांत." तो गेला. दुसरी, तिसरी. ठीक. मग एक गृहस्थ आले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं भलंमोठं काचेचं तावदान. "हे घेऊन चढू देतील का? आणि फुटलं तर?" रांग पाचावर.

या प्रश्नाचं उत्तर चौऱ्याहत्तर वाक्यांत नव्हतंच. ताई टाईप करत राहिली. रांगेत चुळबुळ. सहा. यंत्र म्हणालं: "मागच्या दाराने चढा. शेवटच्या सीटच्या मागे उभं ठेवा. स्वतः धरून बसा. फुटलं तर आधी कंडक्टरला सांगा, मग बायकोला."

काचवाला हसत हसत निघून गेला. पण त्याच्यामागची बाई वैतागलेली होती. "कुणी माणूस नाही का इथे? ही काय रेकॉर्ड लावून ठेवलीय! मला साधं विचारायचंय..." सात. आगारप्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. दाराकडून आणखी एक जण रांगेच्या दिशेने यायला लागला.

खटपट्याचं एक पाऊल पुढे पडलं. पंचावन्न करायला हवं होतं. जरा गोड. निदान शेवटचं अक्षर...

आणि काचेमागून तो सपाट, नाकातला आवाज आला: "रेकॉर्ड नाही. मी आहे. गळा गेलाय, बस माहीत आहेत. विचारा."

काचेच्या आत वाकून त्या बाईने पहिल्यांदा ताईच्या तोंडाकडे पाहिलं. "माफ करा हं. मला... कारखान्याकडची बस."

"समोरच लागलीय. निळी. धावा. पदर सांभाळा."

बाई धावली. रांग हसली. तो आठवा माणूस येऊन पोचला तेव्हा तो सातवाच होता.

खटपट्या जिथल्या तिथे थांबला. 'पदर सांभाळा' हे यंत्राला कुठल्याच आकड्याने शिकवता आलं नसतं. चार दिवस तो जी ताई आवाजाच्या उंचीत शोधत होता ती तिथे कधी नव्हतीच. ती तिच्या बोलण्यात होती, आणि बोलणं कुठे गेलं होतं? त्याने कान बदलायचे सोडून यंत्र बदललं होतं. नंतरचा अर्धा तास त्याने रांग मोजली नाही. नुसतं ऐकलं.

बाराला आगारप्रमुखांनी घड्याळ खिशात घातलं. "सोमवारपासून सकाळची पाळी तुमची," ते म्हणाले. "फक्त हे यंत्र मध्येच बिघडता कामा नये. तशी हमी द्या."

ताईने काचेतून भावाकडे पाहिलं आणि टाईप केलं. "हमी देते. पासवर्ड बदललाय. त्याला माहीत नाही."

"कधी बदललास?" खटपट्या ओरडलाच.

"बसमध्ये. तू खिडकीचा स्क्रू बघत होतास तेव्हा."

आगारप्रमुख हसले तेव्हा त्यांची इस्त्री थोडी मोडली. खटपट्याही हसला, पण त्याचे हात काही शांत झाले नव्हते. ते आजही झालेले नाहीत. खोड अशी एका गोष्टीत जात नसते. रविवारी तो खाली येतो, लॅपटॉपपासून हातभर दूर बसतो आणि ताई जे बोलेल ते ऐकतो. मध्येच म्हणतो, "ताई, ती पट्टी जरा..." आणि यंत्र म्हणतं, "नको." मग तो चहा करायला उठतो.

तर झाली गोष्ट. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी कुठल्या खिडकीपाशी उभे राहिलात, उत्तर यायला क्षणभर उशीर झाला, आणि आलं ते सपाट, यंत्रातून आल्यासारखं वाटलं, तर त्रागा करण्याआधी काचेच्या आत एकदा वाकून बघा, आणि या ताईची आठवण काढा.